मुलांना मेनफ्रेमकडे ओढणं बरोबर आहे का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या एका मोठ्या वित्तसंस्थेत पंचवीसहून अधिक वर्षं मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या संस्थांचे प्रचंड व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, सिस्टिम प्रोग्रामर आहेत. टीममधले बहुतेकजण येत्या पाच-सहा वर्षांत निवृत्त होणार, म्हणून वरिष्ठांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं: नव्यानं रुजू झालेल्या मुलामुलींना मेनफ्रेमची गोडी लावा. ताईंनी मेहनत घेऊन दोन तासांचं सादरीकरण केलं. १९६४ पासूनचा इतिहास, रोजच्या व्यवहारांचे आकडे, सगळं त्यात होतं. मुलं निमूट बसून राहिली. शेवटी एकानं विचारलं, ‘मॅडम, हे अजून किती वर्षं चालणार?’ ताईंना उत्तर सुचलं नाही. त्यांची स्वतःची मुलगी संगणकशास्त्र शिकते आहे आणि तिला त्यांनी ‘या वाटेला ये’ असं कधी सांगितलेलं नाही. ‘जे मुलीला सांगितलं नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांना कोणत्या तोंडानं सांगू? की या जुन्या यंत्राला आता सुखानं निवृत्त होऊ द्यावं?’ असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतले आहेत. मुलांना गोडी कशी लावायची, हा एक. लावावी की नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हाती नसताना तुम्ही पहिल्याला हात घातलात, आणि माझ्या मते सादरीकरण तिथेच अडलं. सांगणाऱ्याचं मन डळमळीत असेल तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. म्हणून मी दोन्ही प्रश्नांकडे येणार आहे, पण त्याआधी पत्रात तुम्ही गृहीत धरलेल्या दोन-तीन गोष्टी जरा तपासून पाहू.

पत्रभर तुम्ही ‘जुनं यंत्र’ म्हणता. यंत्र जुनं नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आयबीएमचं झेड१७ हे मेनफ्रेम यंत्र जून २०२५ मध्ये ग्राहकांकडे जाऊ लागलं. त्यातला टेलम टू प्रोसेसर ५.५ गिगाहर्ट्झवर चालतो, पाच नॅनोमीटर तंत्रानं बनतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितं करणारा भाग त्याच चिपवर आहे. इनपुट-आउटपुटचा भार उचलायला आणखी एक वेगळं युनिटही चिपवरच आलं आहे. हे कशासाठी केलं, ते खरं तर मुलांना सांगण्यासारखं आहे. कार्ड घासलं की होकार-नकार काही क्षणांत द्यावा लागतो. व्यवहार संशयास्पद आहे का, असं एखाद्या मॉडेलला विचारायचं तर माहिती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायची, तिथून उत्तर परत यायची वाट पाहायची. तेवढा वेळ हातात नसतो. म्हणून थोडेच व्यवहार त्या क्षणी तपासायचे आणि बाकीच्यांचा हिशेब मागाहून, अशी तडजोड करावी लागे. २०२२ च्या झेड१६ मध्ये पहिल्या टेलमबरोबर मॉडेल व्यवहाराच्या शेजारीच चालू लागलं आणि ही तडजोड टाळण्याची सोय झाली. झेड१७ एक मिलिसेकंदात उत्तर देत दिवसाला ४५० अब्जांहून जास्त अनुमानं काढू शकतं, असं आयबीएम सांगते. हा कंपनीचा स्वतःचा आकडा आहे, तेव्हा मुलांसमोर तो कंपनीचा म्हणूनच ठेवा.

यंत्राच्या नवेपणाची दुसरी गोष्ट कूटलेखनाची, म्हणजे माहिती गुप्त संकेतांत बंद करून ठेवण्याची. आज चोरून ठेवलेली बंदिस्त माहिती पुढे कधीतरी ताकदवान क्वांटम संगणकानं उघडता येईल, ही भीती खरी आहे. वित्तसंस्थेची माहिती दशकानुदशकं जपायची असते, म्हणून तिथे ती जास्तच खरी. अशा हल्ल्यापुढेही टिकावीत अशा पद्धतींची पहिली प्रमाणं अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या दोन ज्यांच्यावर बेतल्या आहेत त्या क्रिस्टल्स-कायबर आणि क्रिस्टल्स-डायलिथियम या पद्धती झेड१६ मध्ये २०२२ पासूनच वापरात होत्या. कॉलेजात कूटलेखन शिकलेल्या मुलाला हे सांगून बघा, तो मान वर करून ऐकेल.

तर जुना आहे तो या यंत्रावर चालणारा कोड, आणि त्याहून जुन्या आहेत आपल्या टीमच्या सवयी. या दोन्हींबद्दल पुढे बोलतो.

तुमचं दुसरं गृहीतक असं, की मुलांना जुनं नको असतं. मला हे पटत नाही. युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली आणि सीआयसीएस ही मेनफ्रेमवर व्यवहार हाताळणारी प्रणाली, दोघांचा जन्म १९६९ चा. सी भाषा १९७२ च्या आसपासची, माहितीसाठ्यातून हवं ते काढायची एसक्यूएल भाषाही सत्तरच्या दशकातली. तुमच्यासमोर बसलेली मुलं एसक्यूएल रोज लिहितात, काळ्या टर्मिनलवर आनंदानं आज्ञा टंकतात, आणि हे सगळं आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे याचं त्यांना काही वाटत नाही. मग सीआयसीएसनं काय घोडं मारलं? फरक वयाचा नाही. युनिक्सची सावली म्हणता येईल असं लिनक्स १९९१ नंतर ज्याला हवं त्याला घरच्या संगणकावर फुकट टाकता आलं, बिघडवता आलं, पुन्हा उभं करता आलं. मेनफ्रेम मात्र कुलूपबंद खोलीत राहिला आणि बऱ्याच विद्यापीठांनी तो शिकवणंही सोडून दिलं. ज्याला हात लावता येत नाही त्याचं वेड लागत नाही.

हात लावता आला की काय होतं, याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एका अठरा वर्षांच्या मुलानं २०१५ च्या सुमारास एका विद्यापीठानं लिलावात काढलेला झेड८९० हा मेनफ्रेम विकत घेतला. कपाटाएवढं ते वजनदार यंत्र त्यानं आईवडिलांच्या घराच्या तळघरात बसवलं, डिस्क आणि केबल कुठून कुठून जमवल्या, अनुभवी लोकांना शंका विचारत विचारत चालू केलं. २०१६ मध्ये ‘शेअर’ या १९५५ पासून चाललेल्या वापरकर्ता संघटनेच्या परिषदेत त्यानं ही सगळी खटपट उभं राहून सांगितली, आणि पुढे आयबीएमनंच त्याला नोकरी दिली. त्याला कुणी सादरीकरण दाखवून गोडी लावली नव्हती. यंत्र हाती लागलं आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारी माणसं भेटली, एवढंच.

यावरून तुमच्या त्या दोन तासांकडे बघा. इतिहास हा प्रेमात पडल्यानंतर वाचायचा असतो. आधी एखादं कोडं हवं. मला सुचतं ते सांगतो, तुमच्याकडे याहून चांगली असतील.

मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडायला सांगा आणि ०.१ + ०.२ टंकायला लावा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. काहींनी हे आधी पाहिलेलं असेल. मग विचारा, तुमची संस्था दिवसाला इतके व्याजाचे हिशेब करते, मग हे टोकाचे चार कुठे जातात? एखादी चटपटीत मुलगी म्हणेल, पायथनमध्ये दशमान हिशेब अचूक करणारं डेसिमल मॉड्यूल आहे. अगदी बरोबर, आणि तिथूनच गप्पांना रंग चढतो. कारण मेनफ्रेमवर दशमान बेरीज ही प्रोसेसरच्या आज्ञांमध्येच आहे, १९६४ च्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमपासून. पॅक्ड डेसिमल म्हणजे काय, हे फळ्यावर काढून दाखवायला पाच मिनिटं पुरतात: पाच अंकी कॉम्प-थ्री (मेनफ्रेमवरच्या कोबोल भाषेतलं पॅक्ड डेसिमलचं नाव) रक्कम तीन बाइटमध्ये बसते. तीन बाइट म्हणजे सहा अर्धी घरं. पाच घरांत पाच अंक, सहाव्या घरात अधिक-उण्याचं चिन्ह.

आता त्यांना तुमच्या रात्रीच्या झोपेचा शत्रू दाखवा. फाइलमध्ये त्या रकमेच्या जागी कुणीतरी नुसत्या स्पेस सोडल्या. ईबीसीडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात स्पेस म्हणजे हेक्स (सोळा-आधारी) ४०. तीन बाइट झाले ४० ४० ४०. पहिली पाच घरं वाचली तर ४०४०४, दिसायला अगदी वैध रक्कम. पण सहाव्या घरात चिन्हाऐवजी शून्य आहे. प्रोसेसर तिथे बेरीज करायला नकार देतो आणि जॉब, म्हणजे यंत्राला दिलेलं काम, मध्येच बंद पडतो. त्या बिघाडाचा कोड: एस-झिरो-सी-सेव्हन. मुलांना डंपचा, म्हणजे जॉब पडतानाच्या मेमरीच्या नोंदीचा, तेवढा तुकडा द्या आणि ‘रक्कम तर बरोबर दिसते, मग हे पडलं का?’ एवढंच विचारून गप्प बसा. ज्या मुलाला ते सहावं घर स्वतःहून सापडेल त्याचा चेहरा बघा. भलतीच रक्कम मुकाट्यानं खात्यात टाकण्यापेक्षा थांबणारं यंत्र म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी कळतं. तुमच्या वीस स्लाइड त्याला ते सांगू शकल्या नसत्या.

आता दुसऱ्या, कठीण प्रश्नाकडे येतो: मुलांना इकडे ओढणं बरोबर आहे का?

आधी एक विचारतो, मनाशीच उत्तर द्या. मुलीला तुम्ही जे सांगितलं नाहीत, ते यंत्राबद्दल होतं की नोकरीबद्दल? पडलेल्या बॅचसाठी (रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या जॉबसाठी) मध्यरात्री आलेले फोन, सणासुदीला अर्धवट सोडलेली ताटं, एका ओळीच्या बदलासाठी आठवडेच्या आठवडे मंजुरीची वाट, आणि सगळं सुरळीत चाललं म्हणून कुणाच्या लक्षातच न येणारं काम. मुलीनं हे भोगू नये असं तुम्हाला वाटलं असेल तर तो मेनफ्रेमवरचा अविश्वास नाही. ती कामाच्या पद्धतीबद्दलची तक्रार आहे, आणि ती पूर्णपणे रास्त आहे. फक्त ती मुलांपासून लपवून ठेवण्याची नाही, वरिष्ठांसमोर मांडण्याची आहे. तुमच्या हातात आज ते वजन आहे, कारण गरज त्यांना आहे.

‘किती वर्षं चालणार’ या प्रश्नाचं उत्तरही प्रामाणिकपणे देता येतं. तारीख सांगू नका. १९९१ मध्ये स्ट्युअर्ट अल्सॉप या अमेरिकी स्तंभलेखकानं सांगितलं होतं, की शेवटचा मेनफ्रेम १५ मार्च १९९६ रोजी बंद होईल. ते चुकलं आणि पुढे त्यांनी ते जाहीरपणे मान्यही केलं. पण म्हणून मेनफ्रेम अमर आहे, असा अर्थ काढणंही तितकंच चुकीचं. फुजित्सू या जपानी कंपनीनं २०२२ मध्येच जाहीर केलं, की २०३० च्या आर्थिक वर्षाअखेर ते मेनफ्रेमची विक्री थांबवणार आणि २०३५ मध्ये देखभाल. कितीतरी संस्था आपली कामं टप्प्याटप्प्यानं दुसरीकडे नेत आहेत. तुमचीही नेईल कदाचित. मुलांना हे सगळं सांगा. सोबत हेही सांगा, की दुसरीकडे नेण्याचं काम जुनी व्यवस्था आतून ओळखणाऱ्या माणसाशिवाय होत नाही. तो प्रवास पाच वर्षांचा असो की पंधरा, दोन्ही काठ ओळखणाऱ्याला काम असतंच.

‘दोन्ही काठ’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. केवळ मेनफ्रेम शिकवून एखाद्या बावीस वर्षांच्या मुलाला दहा वर्षं एका कोपऱ्यात बसवणार असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: ओढू नका. तो अन्याय होईल. पण त्याला व्यवहाराची अखंडता, लॉकिंग (एकाच नोंदीत दोघांना एकदम बदल करू न देणं), बिघाडातून सावरणं, एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र व्यवस्था चालवणं या गोष्टी इथे शिकायला मिळाल्या, तर त्या कुठेही उपयोगी पडतात. आभासी यंत्रांची कल्पना आज क्लाउडच्या मुळाशी आहे आणि ती साठच्या दशकात मेनफ्रेमवरच रुजली. आणि हत्यारं तर आता एकच झाली आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या झोई या मुक्तस्रोत प्रकल्पामुळे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीवरचे डेटासेट (फाइली) आणि जॉब थेट व्हीएस कोड या मुलांच्या ओळखीच्या कोड-संपादकातून हाताळता येतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आहे, पायथन आहे, कामं आपोआप करवणारं ॲन्सिबल आहे. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी आयएसपीएफ या मेनफ्रेमच्या जुन्या मेनूंच्या पडद्यासमोर बसवून एफ-सात, एफ-आठ या कळा पाठ करायला लावण्याची गरज राहिलेली नाही. आयएसपीएफ तो नंतर शिकेल, आणि त्याचा वेग पाहून आवडीनं शिकेल.

एक शंका मुलं नक्की काढतील, म्हणून तिचाही विचार करून ठेवा: कोबोल कृत्रिम बुद्धिमत्ता लिहील, वाचेल, जावामध्ये बदलेल, मग आम्ही कशाला? अशी साधनं आली आहेत. आयबीएमनं २०२३ मध्ये वॉट्सनएक्स कोड असिस्टंट फॉर झेड याच कामासाठी आणलं. मला उलट यात मुलांचा फायदा दिसतो. चाळीस वर्षांपूर्वीचा पाच हजार ओळींचा प्रोग्राम समोर आला की पूर्वी नवखा माणूस महिनाभर चाचपडायचा. आता त्याला पहिला अंदाज काही मिनिटांत मिळतो. पण एखाद्या परिच्छेदात ३१ डिसेंबरसाठी वेगळी अट का आहे, ती अजून लागू आहे की नियम बदलून मागे राहिली आहे, हे त्या कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते तुमच्या डोक्यात आहे. साधनानं दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणारं माणूस लागणार, आणि ते माणूस तयार करायला तुमच्याकडे पाच-सहा वर्षंच आहेत.

म्हणून व्यवहारात काय करावं, ते सांगतो. मोठी भाषणं थांबवा. पन्नास मुलांना थोडं थोडं आवडण्यापेक्षा दोघा-तिघांना मनापासून आवडणं जास्त उपयोगाचं. ज्यानं तुम्हाला तो अवघड प्रश्न विचारला, त्याच्यापासून सुरुवात करा. तो आगाऊपणा नव्हता, तो एकटाच आपलं आयुष्य त्या यंत्राशेजारी ठेवून बघत होता.

वरिष्ठांकडे गोडी लावण्यासाठी वेळ मागू नका, जागा मागा. प्रॉडक्शनपासून, म्हणजे रोजच्या खऱ्या कामापासून, पूर्ण वेगळं एक चाचणीचं एलपार (यंत्राचा स्वतंत्र चालणारा भाग), त्यात खरी ग्राहक-माहिती अजिबात नाही, आरएसीएफ या सुरक्षा-प्रणालीत मुलांना हवे ते अधिकार, आणि बिघडलं तर तासाभरात पुन्हा उभं करण्याची सोय. बिघडवण्याची मुभा नसेल तर शिकणं पाठांतरापुढे जात नाही. यासोबत दोन अटी लेखी घ्या: पहिलं वर्षभर नव्या मुलाला एकट्याला रात्रीची जबाबदारी नाही, आणि त्याच्या कामाचा ठरावीक हिस्सा मेनफ्रेमबाहेरच्या जोडणीचा, म्हणजे एपीआय (दोन प्रणालींना जोडणारा दुवा), स्वयंचलित चाचण्या, क्लाउडकडे जाणारी माहिती, असा असेल. वरिष्ठ याला तयार नसतील, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं असं समजा, आणि मुलांना ओढण्याचं काम स्वच्छ मनानं नाकारा.

पहिल्या महिन्यात खरं काम द्या, लहान पण खरं. तुमच्याकडे रोज सकाळी कुणीतरी एसडीएसएफ हा जॉबची यादी दाखवणारा पडदा उघडून रात्रीचे जॉब एकेक करून डोळ्यांनी तपासत असेल. झोईच्या आज्ञा आणि थोडं पायथन वापरून ते आपोआप करायला सांगा. आठवड्यात त्यानं लिहिलेला तुकडा सगळी टीम वापरू लागली, की तो मुलगा तुमचा झाला. तो ‘हे असं का?’ विचारेल तेव्हा ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे उत्तर मात्र देऊ नका. कारण आठवत नसेल तर दोघं मिळून शोधा.

आणि तुमच्या डोक्यातलं ज्ञान तुम्ही लिहायला बसू नका. ते काम कधीच पूर्ण होत नाही. तुम्ही बोला, त्याला लिहू द्या, मग तुम्ही तपासा आणि ते कोडशेजारी गिटमध्ये ठेवा. पार्मलिब या प्रणालीच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या एखाद्या विचित्र आकड्यामागे कुठल्या रात्रीचा कुठला बिघाड आहे, हे तुम्ही लिहिताना विसराल, पण समोरच्यानं विचारलं की नेमकं आठवेल.

मुलीशीही बोला. तिला वळवण्यासाठी नको. ते ४० ४० ४० चं कोडं तिला घाला आणि आई रात्री उठून नेमकं काय करत होती, ते एकदा दाखवा. ती कुठे नोकरी करेल ते तिचं ती ठरवेल.

ताईंच्या संस्थेत नसलेल्या, पण हे वाचून कुतूहल चाळवलेल्या विद्यार्थ्यांसाठीही थोडं लिहितो. आयबीएमचं झेड एक्सप्लोर फुकट आहे. नाव नोंदवलं की व्हीएस कोडमधून खऱ्या झेड/ओएसवर काम करता येतं, जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगणारी भाषा), कोबोल, पायथन, रेक्स (छोटे प्रोग्राम लिहायची भाषा) यांची आव्हानं पायरीपायरीनं सोडवता येतात. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालच्या ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोल अभ्यासक्रम सर्वांना खुला आहे. घरच्या संगणकावर आतून खोलूनच बघायचं असेल तर हर्क्युलिस हा १९९९ पासूनचा एम्युलेटर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या आणि त्यावर टीके५ या नावानं मिळणारी एमव्हीएस ३.८जे ही जुनी प्रणाली चालवा. रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावरही ती चालते. हल्लीचं झेड/ओएस मात्र त्यावर टाकू नका, त्याचा परवाना तशी मुभा देत नाही. पहिला जॉब बहुधा पडेल. अशा वेळी घाईघाईनं जेसीएल बदलत बसू नका; आधी आउटपुटमधला जेईएसवायएसएमएसजी (JESYSMSG) हा संदेशांचा भाग उघडा, कुठली स्टेप (जॉबचा टप्पा) कोणत्या कोडनं संपली ते तिथे ओळीनं दिलेलं असतं, आणि जी स्टेप सगळ्यात आधी बिनसली तिथूनच वाचायला सुरुवात करा.